मुलांच्या स्पोर्ट्स क्लबमधे कोच आणि व्हॉलंटियरचं बॅकग्राउंड चेक कसं करायचं, पहिल्यांदाच हे काम गळ्यात पडलेल्यांसाठी

मला पहिल्यांदा हा फॉर्म कुणीतरी हातात दिला तेव्हा मी चिडलेच होते. पोरीच्या स्विमिंग क्लबमधे वेळ नोंदवायला माणूस हवा होता म्हणून मी हात वर केला, फुकट राबायला तयार झाले, आणि वर हे म्हणतात पोलिसांचा कागद आणा. घरी येऊन तणतण केली की मी काय चोर आहे का. दीड वर्षाने कमिटीत घेतलं आणि तेच फॉर्म दुसऱ्यांना वाटायचं काम माझ्याकडे आलं, मग कळलं की ती चिडचिड जवळजवळ प्रत्येकजण करतो आणि ते नॉर्मल आहे, पण त्याच्यामुळे काम थांबवायचं नाही.

हे काम कसं करायचं हे मला कुणी नीट सांगितलं नाही, चुका करत शिकले. तुमच्या त्या चुका वाचाव्यात म्हणून क्रमाने लिहितेय.

१. आधी कोण कोण मुलांजवळ येतं त्याची यादी करा

फॉर्म छापायच्या आधी हे करा. बहुतेक क्लब फक्त कोचचं चेक करतात आणि झालं म्हणतात. माझ्या पहिल्या यादीत पाच नावं होती. एक शनिवार नुसतं बाजूला बसून बघितलं तर चौदा झाली. असिस्टंट, फिजिओ, व्हॅनचा ड्रायव्हर, चेंजिंग रूमची किल्ली असणारा माणूस, मॅचचे फोटो काढणारे एक काका, फिटनेसवाला जो महिन्यातून दोनदाच येतो, टूरला सोबत येणारे पालक, आणि लहान बॅचला शिकवायला मदत करणारी मोठ्या बॅचची मुलं.

उगाच ताणतेय असं वाटत असेल तर दोन उदाहरणं बघा. अमेरिकेच्या जिम्नॅस्टिक्स टीममधे मुलींवर वर्षानुवर्षं अत्याचार करणारा लॅरी नासर कोच नव्हता, टीमचा डॉक्टर होता. इंग्लंडमधे २००२ साली सोहम गावातल्या दोन मुलींचा खून करणारा इयन हंटली तिथल्या एका शाळेचा केअरटेकर होता. त्याच्याविरुद्धच्या आधीच्या तक्रारी दुसऱ्या भागातल्या पोलिसांकडे येऊन गेल्या होत्या, पण नोकरी देताना त्या पुढे आल्याच नाहीत, आणि तिथली आजची तपासणीची पद्धत बऱ्याच अंशी त्या प्रकरणाच्या चौकशीतून उभी राहिली.

यादीत प्रत्येक नावापुढे चार गोष्टी लिहा: किती वेळा येतो, मुलासोबत एकटा असतो का, टीम सिलेक्शनमधे त्याचं काही चालतं का, आणि मुलांशी फोनवर किंवा मेसेजवर बोलतो का. सिलेक्शनचा रकाना लोक विसरतात. पण ज्याच्या हातात मुलाची जागा आहे त्याला मूल नाही म्हणू शकत नाही, म्हणून तो माणूस महिन्यातून एकदाच येत असला तरी यादीत वरच ठेवा.

२. तुमच्याकडचा कायदा काय मागतो ते बघा

इथे सगळ्यात जास्त गोंधळ होतो कारण लोक एका देशातलं ऐकून दुसऱ्या देशात लावतात. आपली माणसं सगळीकडे पसरलीयेत आणि वीकेंडला कुठल्या ना कुठल्या टीमला मदत करत असतात, म्हणून मला माहीत असलेलं थोडक्यात.

भारतात पॉक्सो कायदा २०१२ चा, आणि त्याचे २०२० चे नियम आहेत. त्यातल्या नियम ३ मधे स्पोर्ट्स अकॅडमीचं नाव घेऊन लिहिलंय की मुलांशी नियमित संबंध येणाऱ्या संस्थेने प्रत्येक कर्मचाऱ्याचं पोलीस व्हेरिफिकेशन आणि बॅकग्राउंड चेक ठराविक काळाने करायचं, कायम असो की कंत्राटी, शिकवणारा असो की नसो. शिवाय स्टाफला बालसुरक्षेचं ट्रेनिंग पण द्यायचं. हे कितीतरी अकॅडमी चालवणाऱ्यांना माहीतच नसतं. एक घोळ इथे नेहमी होतो. पासपोर्ट ऑफिसचं पोलीस क्लिअरन्स सर्टिफिकेट परदेशी जाणाऱ्यांसाठी असतं. तुम्हाला हवी ती राज्याच्या पोलिसांकडून होणारी चारित्र्य पडताळणी.

इंग्लंड आणि वेल्समधे डीबीएस, म्हणजे हे चेक करून देणारी सरकारी संस्था, ती २०१२ साली आधीच्या दोन संस्था एकत्र करून झाली. तिच्या चेकमधे बेसिक, स्टँडर्ड, एन्हान्स्ड अशा पातळ्या आहेत आणि वरच्या पातळीला मुलांसोबत काम करायला बंदी असलेल्या लोकांची यादी पण तपासता येते. बेसिक कुणीही स्वतःचं काढू शकतो आणि लोक तेच घेऊन येतात, पण मुलांच्या कोचिंगला ते पुरत नाही. उलटी चूकही होते, ज्या कामाला एन्हान्स्ड लागू नाही त्यालाही सरसकट मागायचं, ते चालत नाही. स्कॉटलंडची पद्धत वेगळी, पीव्हीजी नावाची सरकारी नोंदणी योजना, आणि मुलांसोबतच्या ठरलेल्या कामांना १ एप्रिल २०२५ पासून ती कायद्याने सक्तीची झालीय.

ऑस्ट्रेलियात वर्किंग विथ चिल्ड्रन चेक राज्यागणिक वेगळं, न्यू साउथ वेल्स आणि व्हिक्टोरियात पाच वर्षं चालतं, क्वीन्सलँडचं ब्लू कार्ड तीन वर्षं. राज्य बदललं की साधारणपणे नवीन काढावं लागतं. न्यू साउथ वेल्समधे व्हॉलंटियर म्हणून काढलेलं चेक पगारी कामाला चालत नाही, मानधन चालू केलं की इथे लोक अडकतात.

कॅनडात व्हल्नरेबल सेक्टर चेक (मुलं आणि असहाय लोकांसोबत काम करणाऱ्यांसाठीचं) मागा, ते माणूस राहतो तिथल्या पोलिसांकडूनच होतं, ऑनलाइन झटपट चेक करून देणाऱ्या खाजगी कंपन्या हे देऊ शकत नाहीत. यात कधीकधी बोटांचे ठसे मागतात. जन्मतारीख आणि लिंग कुठल्यातरी जुन्या रेकॉर्डशी जुळलं एवढंच कारण असतं, आरोप वगैरे काही नसतो, हे आधीच सांगून ठेवा नाहीतर माणूस घाबरून फॉर्मच परत देतो.

अमेरिकेत २०१८ च्या कायद्याने ऑलिंपिक खेळांच्या संघटनांखालच्या क्लबना सेफस्पोर्ट या, खेळातल्या अत्याचाराच्या तक्रारी बघणाऱ्या संस्थेचे नियम लागू झाले. त्यांची कारवाई झालेल्या लोकांची यादी सगळ्यांसाठी खुली आहे, नाव टाकून शोधता येतं, त्याला दोन मिनिटं लागतात तेव्हा ते सोडू नका.

कुठेही असा, तुमच्या खेळाच्या संघटनेला एक ईमेल टाका की अमुक कामाला कुठली पातळी लागते. उत्तर लेखी घ्या.

३. कागदपत्रं गोळा करा

- सरकारी फोटो ओळखपत्र, ओरिजिनल समोर बघायचं
- राहत्या पत्त्याचा पुरावा
- आधीच्या पत्त्यांची यादी तारखांसकट (इंग्लंडमधे पाच वर्षांचे मागतात, मधला एक महिना सुटला तरी फॉर्म परत येतो)
- पूर्वीची सगळी नावं, लग्नानंतर बदललेलं, स्पेलिंग बदललेलं
- कोचिंग आणि फर्स्ट एडची सर्टिफिकेट
- आधीच्या क्लबांची आणि नोकऱ्यांची यादी, वर्षं घालून
- दोन रेफरन्स, त्यातला एक आधीच्या क्लबचा किंवा मुलांसोबतच्या आधीच्या कामातला
- सही केलेलं स्वयंघोषणापत्र आणि तपासणीला संमती
- परदेशात बराच काळ राहिलेला असेल तर त्या देशाचं पोलीस प्रमाणपत्र

स्वयंघोषणापत्र म्हणजे आपल्यावर केस, शिक्षा किंवा कुठल्या खेळ संघटनेची कारवाई झालीय का हे माणसाने स्वतः लिहून द्यायचं. खोटं बोलणारा खोटंच लिहिणार असं मलाही वाटायचं, पण त्याचा उपयोग वेगळा आहे. उद्या काही निघालं तर "तुम्ही विचारलंच नव्हतं" म्हणायची सोय राहत नाही. आणि प्रश्न नुसता "गुन्हा आहे का" एवढा नको, "कुठल्या क्लबने तुम्हाला कधी थांबवलंय का, तुमच्याविरुद्ध तक्रार झालीय का" असाही हवा.

सर्टिफिकेटवरचा नंबर देणाऱ्या संस्थेकडे तपासून घ्या. आमच्याकडे एकाने मुदत संपलेलं कोचिंगचं लेव्हल वन सर्टिफिकेट चिकटवलं होतं, बिचाऱ्याच्या स्वतःच्याही लक्षात नव्हतं.

४. माणसाशी बोला, मग फॉर्म द्या

ग्रुपवर "सर्वांनी फॉर्म भरा" असा मेसेज टाकू नका, मी टाकला होता आणि दोन दिवस नुसती वादावादी झाली. एकेकाला बाजूला घेऊन सांगा की अध्यक्षांपासून सगळ्यांचं होतंय, माझं पण झालंय. आणि खरंच अध्यक्षांचं पहिलं करा. जुन्या लोकांना सूट देऊ नका. "हे तर वीस वर्षं आहेत आपल्याकडे" हे वाक्य तुम्हाला ऐकायला मिळणारच आहे, त्यावर एवढंच म्हणायचं की मग त्यांना फॉर्म भरायला काय अवघड आहे. कुणी साफ नकार दिला तर तो मुलांपाशी काम करणार नाही, विषय संपला, भांडायचं पण नाही.

५. अर्ज टाकताना

इथे फारसं काही नाही. फॉर्म परत येण्याचं कारण म्हणजे नाव, ओळखपत्रावर एक, फॉर्मवर एक, बँकेत तिसरंच. ओळखपत्रावर जसं आहे तसंच्या तसं लिहायला सांगा. आणि ओळखपत्रांचे फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर मागवू नका, नंतर ते कुणाच्या गॅलरीत पडून राहतात देव जाणे.

६. आधीच्या क्लबला फोन करा

सगळ्यात जास्त वेळ इथे घाला. पोलिसांचा कागद काय सांगतो तर हा माणूस कधी नोंदीत आलाय का. ज्याची तक्रारच झाली नाही, किंवा झाली आणि क्लबने गुपचूप "तुम्ही राजीनामा द्या, आम्ही काही बोलत नाही" म्हणून मिटवली, तो कागदावर स्वच्छच दिसतो. नासरबद्दल मुलींनी कितीतरी वर्षं आधी मोठ्यांना सांगितलं होतं, पण २०१६ मधे प्रकरण बाहेर फुटेपर्यंत त्याच्यावर गुन्हा दाखल नव्हता, म्हणजे त्या काळात कुणी त्याचं बॅकग्राउंड चेक केलं असतं तर ते साफ आलं असतं.

आमच्याकडे एक कोच येणार होता. पोलीस चेक क्लिअर, दोन लेखी रेफरन्स इतके गोड की वाचून कमिटीने मनातल्या मनात त्याला घेऊन टाकलेलं. मी फक्त यादीतला रकाना भरायचा म्हणून आधीच्या क्लबला फोन लावला. पलीकडच्या बाईंनी सगळं छान सांगितलं, मेहनती, वेळेवर येतो, मुलं जिंकतात. मग मी विचारलं, परत घ्याल का त्यांना? आणि त्या थांबल्या. चांगल्याच थांबल्या. मग म्हणाल्या, सध्या आमच्याकडे जागा नाही. मी म्हटलं जागा असती तर? तेव्हा हळूहळू बाहेर आलं की एकेकट्या मुलांना गाडीतून घरी सोडू नका असं त्यांना दोनदा लेखी सांगितलं होतं, तरी चालूच होतं, तिसऱ्यांदा सांगितल्यावर ते सोडून गेले. गुन्हा म्हणावा असं यात काहीच नव्हतं आणि असेलच असंही मी म्हणत नाही. पण नियम सांगूनही जो ऐकत नाही त्याला आम्ही घेतलं नाही.

तर फोन करताना:

नंबर उमेदवाराने दिलेला वापरू नका, क्लबच्या ऑफिसचा स्वतः शोधून लावा. मित्राला सेक्रेटरी म्हणून उभं करणारे असतात.

ज्याने रेफरन्स लिहिलाय त्याच्याशीच बोला आणि हे तुम्हीच लिहिलंय ना हेही विचारा.

प्रश्न थेट ठेवा. कधीपासून कधीपर्यंत होते, काय काम होतं, का सोडलं, कुणा मुलाने किंवा पालकाने काही तक्रार केली होती का, कधी समज द्यावी लागली का, आणि शेवटी परत घ्याल का. शेवटच्या प्रश्नानंतर गप्प बसा, मधली शांतता तुम्ही भरून काढू नका. मला ते जमत नाही, मी बडबडी आहे, म्हणून मी पेन तोंडात धरते.

"आम्ही फक्त तारखा सांगतो" असं पण उत्तर येतं, मोठ्या संस्थांची तशी पॉलिसी असू शकते, त्याचा लगेच वाईट अर्थ काढू नका. दुसरा कुणी शोधा जो त्यांच्यासोबत प्रत्यक्ष मैदानावर होता.

बोलणं झालं की त्याच दिवशी तारीख, वेळ आणि ऐकलेले शब्द लिहून ठेवा.

वर्षांची यादी पण नीट बघा. मधेच दीड वर्ष रिकामं असेल तर विचारा, बहुतेक वेळा आजारपण, बाळंतपण, नोकरी गेली असलं काहीतरी साधं निघतं. दर वर्षी क्लब बदललेला असेल आणि प्रत्येकवेळी कारण "पटलं नाही" असेल तर मात्र प्रत्येक क्लबला फोन.

७. समोरासमोर बसून दोन-तीन प्रश्न

प्रॅक्टिस संपली, सगळे गेले, एका मुलाचे पालक आलेच नाहीत, तुम्ही काय कराल? तेरा वर्षांची खेळाडू रात्री तुम्हाला पर्सनल मेसेज करते, काय कराल? "मी घरी सोडतो त्यात काय" असं उत्तर आलं तर तो माणूस वाईट आहे असं नाही, त्याला ट्रेनिंग लागणार आहे एवढंच. पण समजावून सांगितल्यावर तो हुज्जत घालतो की ऐकतो तिकडे लक्ष ठेवा.

८. कागद आल्यावर

ओरिजिनल बघा, फोटोकॉपीवर किंवा पीडीएफवर जाऊ नका. ऑनलाइन नंबर तपासायची सोय असेल तर तपासा, न्यू साउथ वेल्समधे तर नंबर ऑनलाइन पडताळून घेणं क्लबचंच काम आहे, कार्ड दाखवलं म्हणून भागत नाही.

कागदावर काहीतरी निघालं तर लगेच घाबरून माणसाला घालवू नका. मुलांविरुद्धचा गुन्हा, लैंगिक गुन्हा किंवा बंदीच्या यादीत नाव असेल तर चर्चेला जागाच नाही, त्याला घ्यायचं नाही. पण एकोणिसाव्या वर्षी कॉलेजात मारामारी झाली आणि त्याला पंचवीस वर्षं झाली, किंवा दंड भरलेली ट्रॅफिकची केस, असं असेल तर काय काम देतोय त्याप्रमाणे बघायचं (व्हॅन चालवणार असेल तर ट्रॅफिकची केस महत्त्वाचीच). दोघातिघांनी मिळून ठरवा, त्याला त्याची बाजू मांडू द्या, स्वयंघोषणापत्रात त्याने हे आधी सांगितलं होतं का ते बघा, आणि निर्णय कारणासकट लिहून ठेवा. जे वाचलं ते त्या खोलीतच राहिलं पाहिजे. कमिटीतल्या एकाने घरी सांगितलं की दुसऱ्या दिवशी पार्किंगमधे चर्चा.

९. कागद येईपर्यंत थांबा

मी इथे घसरले होते. स्पर्धा चार दिवसांवर, माणसं कमी, आणि एका व्हॉलंटियरचं चेक यायचं बाकी, तर म्हटलं एक दिवसाचं काय एवढं. दुपारी बघते तर तो एकटा सहा मुलांना घेऊन वॉर्मअपच्या हॉलमधे, दार बंद. काही झालं नाही, त्याचा कागदही पुढच्या आठवड्यात क्लिअर आला, पण माझी ती दुपार कशी गेली ते मलाच माहीत, आणि हॉलमधे जायला त्याला कुणी सांगितलं तर मीच.

क्वीन्सलँडमधे २०२० पासून "नो कार्ड, नो स्टार्ट" असा कायदाच आहे. तुमच्याकडे कायदा नसला तरी हाच नियम ठेवा. त्यासाठी सीझनच्या दोन-तीन महिने आधी अर्ज टाका. तोवर माणसाला टेबलावर बसवा, स्कोअर लिहू दे, सामान मोजू दे, मुलांची जबाबदारी नको.

१०. रजिस्टर ठेवा आणि तारखा लावा

साधी एक्सेल शीट पुरते. नाव, काम, चेकचा प्रकार, नंबर, तारीख, कुणी बघितलं, रेफरन्सचा फोन कधी झाला, पुन्हा कधी करायचं. सर्टिफिकेटच्या कॉप्यांचा गठ्ठा साठवू नका, ती लोकांची खाजगी माहिती आहे, आणि शीटला पासवर्ड लावा.

डीबीएसवर एक्सपायरी छापलेली नसते, म्हणून लोक सात वर्षांपूर्वीचं घेऊन येतात. तो कागद फक्त निघाला त्या दिवसापर्यंतचंच सांगतो. तिथे अपडेट सर्व्हिस आहे, सर्टिफिकेट निघाल्यापासून तीस दिवसांत नोंदणी करावी लागते, व्हॉलंटियरला फी नाही, आणि मग क्लब संमतीने ऑनलाइन बघू शकतो. ते तीस दिवस हमखास चुकतात, तेव्हा कागद हातात आला की तिथेच बसवून नोंदणी करून घ्या. भारतात नियमात "ठराविक काळाने" एवढंच आहे, वर्षं दिलेली नाहीत, तेव्हा क्लबने ठराव करून आकडा ठरवावा. आम्ही तीन वर्षं धरतो, आणि स्वयंघोषणापत्र दर सीझनला नवीन.

११. चेक क्लिअर आलेल्यांनाही नियम लावा

कुणी मोठा माणूस मुलासोबत बंद दाराआड एकटा नको. वन-टू-वन कोचिंग करायचं तर उघड्या मैदानात, दुसऱ्याला दिसेल आणि कुणीही मधे येऊ शकेल अशा जागी. मेसेज करायचा तर पालक असलेल्या ग्रुपवर. टूरला कोचची खोली वेगळी. हे छापून पहिल्या दिवशी पालकांनाही द्या, कारण नियम मोडला जातोय हे सगळ्यात आधी त्यांनाच दिसतं.

आणि एखादं मूल काही सांगायला आलं तर काय करायचं हे आधीच ठरलेलं असू दे. शांतपणे ऐका, "नक्की का?" असं खोदून विचारू नका, कुणाला सांगणार नाही असं वचन देऊ नका, त्याचे शब्द जसेच्या तसे लिहा. आरोप असलेल्या माणसाला बोलावून स्वतः चौकशी करायला बसू नका, पुरावे तिथेच जातात. भारतात पॉक्सोच्या कलम १९ प्रमाणे पोलिसांना कळवणं प्रत्येकावर बंधनकारक आहे, न कळवल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही, आणि हाताखालच्या माणसाचा गुन्हा संस्थेच्या प्रमुखाने दाबला तर त्याला एक वर्षापर्यंत कैद आणि दंड. चाइल्ड हेल्पलाइनचा नंबर १०९८. दुसऱ्या देशात असाल तर तिथला जो असेल तो. आम्ही तो चेंजिंग रूमच्या दाराला आतल्या बाजूने लावलाय, आधी ऑफिसात लावला होता, पण तिथे मुलं जातातच कुठे.